माळ्यावरचे खोके

खोके नऊ वर्षं जपले.
थर्माकोलचे कोपरे, सिलिका जेलच्या पुड्या,
पिशवीत पिशवी, बिल लॅमिनेट केलेलं.
वृंदा म्हणायची, लग्नाचा अल्बम वाळवीनं खाल्ला,
तुझे खोके बघ, अजून कोरे.

जाहिरातीत लिहिलं:
उभ्या स्पीकरांची जोडी, अक्रोडी फिनिश,
एकहाती वापर, घरात लहान मूल नाही, सिगारेट नाही.
सहकारनगरला येऊन ऐका.
घासाघीस नको.
दुपारी एक ते चार नको.

विकायचं कारण लिहिलं नाही.
वर्षभर वाटत होतं, आवाजावर साय धरलीय.
आधी ॲम्प बदलला,
मग मनगटाएवढी केबल,
मग भिंतींना फोम, गॅलरीला जाड पडदा,
इतका की तळजाईचे मोरही बाहेरच राहिले.
साय तशीच.
शेवटी आळ स्पीकरांवर आला.
नव्यांचा ॲडव्हान्स भरून टाकला,
प्रॉव्हिडंट फंडातून. वृंदाला आकडा निम्मा सांगितला,
तिनं मनात दुप्पट केला.

तन्वीर शिकलगार भोसरीहून आला,
रविवारी, चार वाजून एक मिनिटानं.
सीएनसीवर असतो. हाताला कूलंटचा वास.
याच मॉडेलसाठी तीन वर्षं भिशी लावली, म्हणाला.
कोनला बोट न लावता वाकून पाहिलं त्यानं,
डॉक्टर पोराच्या घशात बघतात तसं,
मग सोफ्याच्या अगदी कडेला बसला.

मी माझं नेहमीचं लावलं.
चौऱ्याण्णव सालची घरगुती बैठक,
मित्राच्या माडीवर, साध्या डेकवर धरलेली.
दोन तानपुरे, सारंगी अजून जुळतेय.
मला पाठ आहे:
इथे कप बशीत टेकतो,
इथे खालून लूना जाते,
इथे मी खोकतो,
आणि एक अनोळखी मुलगी मला लवंग देते.
लवंग अर्थात ऐकू येत नाही.

तन्वीरचे डोळे मिटलेले.
सर, बांगड्या कुणाच्या?

कुठल्या बांगड्या?

डावीकडे. काचेच्या. खोकल्यानंतर लगेच.

मागे नेलं. कप. लूना. मी.
परत मागे. कप. लूना. मी.
आवाज चढवला;
खालच्या आगट्यांनी उलथन्यानं पाइप बडवला,
तेवढा स्वच्छ ऐकू आला.

आणि स्वयंपाकघरातून, मेथी निवडता निवडता:
माझ्या. हिरव्या होत्या.
नेहमीच येतात की ऐकू.

मी न मागता अकरा हजार कमी केले.
तन्वीर दचकला.
दोन्ही ट्वीटरना पुन्हा एकदा कान लावून आला.
काही खराबी नाही ना, सर?
नाही, म्हणालो. यांच्यात नाही.

नऊ वर्षांनी खोके माळ्यावरून उतरले,
छोट्या हत्तीत चढले, वर दोन चादरी.
फरशीवर खिळ्यांचे आठ ठिपके उरले.
फाटकाशी त्यानं विचारलं, ते रेकॉर्डिंग मिळेल का?
पेन ड्राइव्हवर देऊन टाकलं.
बांगड्या आता भोसरीला वाजतात.

बुधवारी कान तपासून घेतले.
आलेख बराच वेळ सपाटीनं चालतो
आणि चार हजारांच्या पुढे
सिंहगडाच्या कड्यासारखा सुटतो.
वय, म्हणाल्या डॉक्टरीणबाई, आणि
पुढच्या पेशंटसाठी घंटी दाबली.
ती वाजली असावी, कारण दार उघडलं.

गुरुवारी नवे आले.
काळे, चकचकीत, हप्त्यांइतके उंच.
पोरांनी जोडून दिले, पाणी प्यायले,
रिकामे खोके घेऊन जाऊ का, म्हणाले.
मी माळ्याकडे पाहिलं.
वृंदानं माझ्याकडे.
राहू देत, म्हणाली.
लागतील.