शून्यावरची काट

समडोळीच्या दूध संघात डेन्मार्कहून मशीन आलं,
तेव्हा खोक्यातल्या लाकडी भुशात
एक कॅलेंडरही निघालं.
साल उलटून गेलेलं, वार परक्या भाषेतले.
चेअरमन म्हणाले, भूपाल, ने तुला,
मागची बाजू कोरी असंल तर हिशोबाला होईल.

मागची बाजू कोरी नव्हती.
बाराही पानांच्या पाठीवर मुंगीएवढी अक्षरं.
भूपाल मगदूम, बोर्ड पेंटर,
इंग्रजी वाचत नव्हते, फक्त रंगवत होते.
त्यांनी ठरवून टाकलं:
ही चित्रं काढणाऱ्याची हकीकत.

सही कोपऱ्यात. एस, मग एक शून्य,
शून्यावर तिरपी काट, पुढं आर, यू, पी.
‘सरूप. म्हंजे आपला स्वरूपच की,’ अण्णा म्हणाले.
‘आणि बघ, स्वतःच्या नावातलं शून्य
खोडलंय गड्यानं.’

मी ब्रश धुणारा पोरगा,
कोपरापर्यंत रॉकेलचा वास.
संध्याकाळी शटर अर्धं ओढून
अण्णा एकेक पान उलटायचे,
मागची अक्षरं येत नव्हती
म्हणून पुढच्या रंगांतून माणूस वाचायचे.

जानेवारीत करडी खोली, टेबल आपल्या अंगावर कललेलं.
‘माळ्यावर निजत असंल हा. वरनं बघायची सवय हाय.’
मार्चमध्ये तीन बायका, एकीलाही तोंड नाही.
‘आई लवकर गेली ह्याची.
आठवंना, तर खोटं नाक कशाला काढील?’
जूनमध्ये नुसता पिवळा. ना झाड, ना माणूस.
‘हरिपुरात हळदीचं पेव उघडल्यागत. पण ह्यानं हळद कुठं बघितली?’
मग बराच वेळ गप्प.
‘उन्हाची लई वाट बघितलेला माणूस हाय.’
ऑगस्टमधल्या होड्यांची काळी रेघ
त्यांनी बोटानं, न टेकवता, गिरवली.
‘ही रेघ शाळेत मिळत न्हाई.
चाळिशीपर्यंत ह्यानं जहाजांची नावंच रंगवली असणार.’
डिसेंबर जवळजवळ पांढरा,
खाली एक आडवी रेघ.
‘हितं डोळं गेलं,’ म्हणाले. आणि दुसऱ्या दिवशी, चहा पिता पिता,
‘किंवा आलं.’

त्यानंतर गावातले बोर्ड बिघडत गेले.
‘पायगोंडा उपाध्ये, खते व बियाणे’ यातला ‘व’
अण्णांनी इतका एकटा सोडला
की माणसं त्याच्यापाशी थांबायची.
संघाची गाय राखाडी निघाली, डोळ्यावाचून.
चेअरमन म्हणाले, डोळा कुठाय?
धुक्यात हाय, साहेब.
समडोळीत कसलं आलंय धुकं?
बिल निम्मं झालं. डोळा काढावा लागला,
पण अण्णांनी तो मिटलेला काढला.

पुढं फ्लेक्स आला. तेवढंच सांगतो.

जूनचं पान मी कधीच लंपास केलं होतं.
सांगलीत चित्रकला शिकवायला लागल्यावर
एका रात्री त्याच्या पाठीवर मोबाईल धरला.
अक्षरं थरथरली, मराठी झाली:
‘आधी गार पाण्याने खळबळून घ्या.
नंतर सोड्याचे कढत पाणी, दहा मिनिटे.
झडप बंद असल्याची खात्री करा.’
दोनदा वाचलं.
अण्णांना सांगितलं नाही.
एवढी वर्षं जगलेला माणूस
एका झडपेपायी कसा मारू?

एकोणीस साली वारणा आठ दिवस दुकानात राहिली.
उरलेली अकरा पानं लगद्यात गेली.
पाणी उतरल्यावर मी गेलो,
तर थोरला चुन्याची बादली घेऊन उभा,
आणि अण्णा त्याच्या आडवे, खुर्ची टाकून,
भिंतीसमोर.

छातीइतक्या उंचीवर गाळाची रेघ,
या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, हात न कापता ओढलेली.
वर जुना पांढरा. खाली एक रंग,
ज्याला आमच्या डब्यांत कधीच नाव नव्हतं.

‘डिसेंबर,’ अण्णा म्हणाले.

मी म्हटलं, सही करा, अण्णा.
खिशातला खिळा चाचपला त्यांनी,
भिंतीला पालथा हात लावून बघितला.
‘वाळू दे आधी,’ म्हणाले.