टिंब

कुंडईच्या शेडात तिसरा आठवडा.
हिरव्या बटणाला अजून मी बोट लावते
ते तापल्या तव्याला लावल्यासारखं.
काचेपलीकडे दुधाळ पाण्याची धार
आणि स्क्रीनवर माझ्या ओळी,
मी लिहिलेल्या, पण वागायचं त्यानं.

जी-शून्य म्हणजे धाव. जी-एक म्हणजे कापत चाल.
एम-तीस म्हणजे संपलं, परत पहिल्या ओळीवर ये.
कायतान सर म्हणतात, पाठ नको करू,
डोळे मीट आणि हत्यार कुठं आहे ते सांग.
मी डोळे मिटते.
हत्यार कुठंच नसतं. साडेबाराची भूक असते
आणि माशेलची बस.

मंगळवारी मी लिहिलं, झेड पाच.
पाच मिलिमीटर वर उचल, मग पलीकडे जा.
पाचानंतर टिंब द्यायचं राहिलं.
टिंबाविना पाच म्हणजे त्याच्या लेखी
पाच मायक्रॉन,
केसाच्या दहाव्या हिश्श्याहून कमी.
तेवढंच उचललं त्यानं,
प्रामाणिकपणे,
आणि धावलं
थेट क्लॅम्पवर.

चार मशिनींवरच्या चार माना वळल्या.

शाळेत धोंड बाई टिंबाचा अर्धा गुण कापायच्या.
घरी नाकातून बोलतो ते सगळं
कागदावर टिंब होऊन उतरलं पाहिजे, म्हणायच्या.
मला वाटायचं, अर्ध्या गुणानं काय मोठं जातं.

सर ओरडले नाहीत.
कपाटातून मिस्कुटाची जुनी बरणी काढली,
आत मोडकी हत्यारं, गळ्यापर्यंत.
"हो म्हजो. होय म्हजोच.
हो सुटीच्या आदल्या दिसाचो."
मग बरणी माझ्यापुढं धरली. "तुजो घाल."
तुकडा अजून कोमट होता.

बुधवारी एकेक ओळ थांबवत चालवली.
दर ओळीला बटण, दर ओळीला श्वास.
दुपारपर्यंत एक चौकोन झाला.
नुसता चौकोन. डब्याशेजारी ठेवून जेवले.

रात्री आई रक्तदाबाची गोळी मोडते,
अर्धी आज, अर्धी उद्या.
मधल्या रेघेवर दोन अंगठे. कट्ट.
गोळीवर ती रेघ असते,
साच्याच्या पोलादात मात्र उंचवटा:
आजूबाजूचं सगळं काढून टाकल्यावर
कुणीतरी राखलेला.
त्या कुणाचीही एखादी बरणी असेल.

"कितें पळयता गो?" आई विचारते,
आणि उरलेली अर्धी
पुन्हा कागदात गुंडाळते.