बेट दिसण्याआधी

ग्वादलूपहून सुटलेल्या बोटीत
मी डॉमिनिका पाठ करत बसलेलो:
राजधानी रोझो, झेंड्यावर पोपट,
गाड्या डावीकडून, नद्या तीनशे पासष्ट.

शेजारी अर्नेस्टीन लाफाँ. मांडीवर
पत्र्याच्या खिळ्यांचा डबा.
"मोजल्या कुणी?" तिनं विचारलं.
"आमच्या दारात एकच. तीही वादळानंतर
घराच्या मागून वाहते."

पेन थांबलं माझं.

मग ती सांगत गेली, आठवेल तसं:
दुकानात आधी गुड मॉर्निंग, मग पाव.
छप्पर नवं दिसलं तर बरं म्हण,
जुनं कुठं गेलं विचारू नकोस.
बस भरली की निघते. घड्याळ बघून
ड्रायव्हरला लाजवू नकोस.
आणि डशीन पुरता उकड,
कच्चा राहिला तर घसा धरतो...

"म्हणजे अळकुड्या!" मी ओरडलोच.
चिंच घाल, आमची आई घालायची.

चिंच? ती बराच वेळ हसत होती.
मग माझ्या वहीत, पोपटाच्या खाली,
तिनंच लिहून ठेवलं काहीतरी क्रिओलमध्ये.
अर्थ सांगितला नाही.

समोर नुसता ढग होता, हिरवट बुडाचा.
"डबा धर जरा," म्हणाली,
आणि वाकून
उतरायचे बूट घालू लागली.

जड होता.