आवक-जावक

भोसरी, जे ब्लॉक, शेड नंबर आठ.
एकोणतीस वर्षं मी इथे स्टोअरला.
मालक बदलला, मालकाचा मुलगा आला,
रजिस्टर तेवढं माझ्याच हस्ताक्षरात.

चौथा रकाना : मूळ देश.

सुरुवातीला त्यात जर्मनी लिहायचे,
जरा सांभाळून, पाहुण्यांचं नाव लिहावं तसं.
खोक्यात भुस्सा, भुश्शात टूल-बिट.
परक्या लाकडाचा वास यायचा त्याला,
आम्ही तो पिशवीतून घरी न्यायचो, बंबात घालायला.
मग जपान. मग तैवान, थोडे दिवस कोरिया.
मग एका वर्षी चीन आला :
आधी पक्कड, मग बेअरिंग,
मग बेअरिंग तपासायचा गेज,
मग खुद्द यंत्र, मग यंत्रावर टाकायचं प्लास्टिक.
मी वर एकदा नाव लिहायचे
आणि खाली पानभर नुसतं ‘वरीलप्रमाणे’.

परवा कँटीनमध्ये धाकट्या शेठनी पडद्यावर
जगाची भाकरी दाखवली, तुकडे पाडलेली.
लाल तुकडा कसा फुगत गेला,
निळा कसा आक्रसला,
आणि निर्यातीत आपला : शंभरात दोनसुद्धा पुरते नाहीत.
पोरं गप्प.
मिसाळ म्हणाला, "म्हणजे चतकोरही नाही."

मला आमचा सात-बारा आठवला.
याच कंपाउंडाच्या पलीकडची जमीन, तापकिरांची.
आजोबांच्या नावावर सोळा आणे.
मग चुलते लागले, आत्या लागल्या,
वडिलांकडे अडीच उरले, माझ्याकडे दीडही नाही.
पण त्या दीडाच्या आतल्यात मी दोन खोल्या बांधल्या.
आजोबांना सोळा आण्यांत
दुसरा बैल कधी जमला नाही.

हे मी शेठना सांगितलं नाही.
हेही नाही, की पक्कड तिकडून येऊ लागली
त्याच वर्षी मागच्या गल्लीतल्या सांगळेनं
पक्कड करायची थांबवली.
त्याच्या शेडमध्ये आता पनीर ठेवतात.
तो कुठल्या रंगात धरला असेल?

आज जावक.
चारशे बुश, ग्रीस लावून, कागदात गुंडाळून.
पत्ता : निंगबो.
परवेझनं संगणकावर देशांची यादी उघडली,
वर नेली, खाली आणली.
"ताई, जावकमध्ये चीन नाहीच.
कधी लागलाच नव्हता."
"मग घाल."

तो घालीपर्यंत मी एक बुश काढला,
ग्रीस पुसलं, आतून अंगठा फिरवला.
एका जागी बर लागली, केसाएवढी.

पट्ट्या कापायला सांगितल्या.
बाहेर ट्रकवाला हॉर्न देत राहिला.
तीनशे नव्याण्णव बाकी होते.