डावीकडं गटार होतं

धैर्याला मीच शिकवलं, गल्लीत,
दोन चपलांच्या मध्ये उभं करून.
पोरगं उजवीकडंच झेपावायचं,
कारण डावीकडं गटार होतं.
वहिनी ओरडायची, कपडे कोण धुणार?
मी म्हणायचो, आधी झेप तर बघा की.

तेव्हा मी गोव्याहून सुट्टीला यायचो,
एका कंपनीच्या टीमचा दहा नंबर,
पाठीवर आडनाव, त्यात एक अक्षर चुकलेलं.
पहिल्या कराराच्या पैशांत
दिनकरदादाला उद्यमनगरात लेथ घेऊन दिली.
अजून चालते ती.
माझा गुडघा सात हंगाम चालला.

कसा गेला, विचारतात लोक.
कुणी पाडलं नाही.
कोलकात्याच्या चिखलात थ्रो-इन घ्यायला वळलो
आणि आतून आवाज आला,
ओली काठी मोडावी तसा.
डॉक्टर म्हणाले, चालता येईल.
चालायला कोण गेलं होतं तिथं?

परत आलो तर पिंपळकट्ट्यावर हार, गुलाल, एक शाल.
तालमीत माझा फोटो लागला, मारुतीच्या शेजारी.
मी म्हटलं, बारकी पोरं द्या, शिकवतो.
म्हणाले, बघू.
दोन वर्षं बघू म्हणाले.

मग पलीकडच्या पेठेतून तौफिक मुल्लाणीचा बाप आला,
फाउंड्रीतून तसाच, भुवयांवर वाळू.
म्हणाला, सर, शिट्टी आमची, पाय तुमचा.
पाय म्हणाला तो.
मी हो म्हटलं.

त्या आठवड्यात तालमीतला फोटो उतरला.
कुणी उतरवला, विचारलं नाही.
भिंतीवर तेवढा एक चौकोन स्वच्छ राहिला.
दादानं बोलणं टाकलं.
ताट मात्र रोज वाढलेलं असायचं, झाकून.

फायनल. शाहू स्टेडियम.
अर्धं गाव आमच्या विरुद्ध, म्हणजे माझ्या,
म्हणजे कुणाच्या, ते मलाही नीट सांगता येईना.
अठ्ठ्याऐंशीवं मिनिट, एक-एक, पेनल्टी आम्हाला.
गोलमध्ये धैर्या, जांभळ्या जर्सीत, खांद्यांनी रुंद झालेला.
दादा माझ्या मागं कुठंतरी पायऱ्यांवर.
त्याचं खोकणं मी हलगीच्या गदारोळातही ओळखतो.

तौफिक पाणी प्यायला लाईनीवर आला.
बाटली तोंडाला, डोळे माझ्यावर.
विचारलं नाही त्यानं काही.
मी माझी नोकरी केली.
"त्याच्या डावीकडं," म्हटलं. "तिकडं तो जात नाही."
का जात नाही, ते सांगितलं नाही.
गटार माझ्यापाशी ठेवलं.

चार पावलं. तौफिकनं मारला तिकडंच,
जमिनीलगत, पोस्टला घासून,
मी सांगितलं त्याहून चांगला.
आणि धैर्या डावीकडं गेला.
अख्खा गेला, कपड्यांची पर्वा न करता,
बोटांच्या टोकांनी बॉल बाहेर.

माझे हात वर आले होते.
टाळीसाठी आले होते, अर्ध्यावर.
तिथून ते डोक्यावर नेले.
लोकांना वाटलं, कोच हळहळला.

पुढं आम्ही हरलो. तो हिशेब वेगळा.

रात्री ताट झाकलेलं नव्हतं.
दादा समोर बसला, भाकरी मोडत, गप्पच.
धैर्याच्या कोपरावर हळद.
म्हणाला, "काका, तू सांगणार हे मला माहीत होतं."
"जेव," दादा म्हणाला.
त्याला म्हणाला की मला, कळलं नाही.
मी भाताचा घास घेतला,
म्हटलं, मलाच.

सकाळी साडेपाचला मैदानावर तौफिक आधीच आलेला,
बॉल ठिपक्यावर, बूट दवानं भिजलेले.
"सर, चूक कुणाची?"
मी जाऊन गोलमध्ये उभा राहिलो.
गुडघा कुरकुरला, त्याला कुरकुरू दिलं.
"मार," म्हटलं. "आज काही सांगणार नाही."