तिसरं बटण

टाम्पेरेच्या सभागृहात, मार्च महिन्यात,
हीटरपाशी एक ड्रॅगन उभा आहे.
शेपटीमुळे त्याला बसता येत नाही.
आई त्याला जबड्यातून सँडविच भरवतेय.
बायकांच्या स्वच्छतागृहात दोन यंत्रमानव
एकमेकींच्या पाठीची चेन लावून देतायत.

मी रांगेत, एकशे सत्तेचाळिसावी.
निळा डगला, पितळी पट्टा,
खांद्यावरचे तारे कवळीच्या अ‍ॅक्रिलिकचे.
दातांच्या प्रयोगशाळेत काम करते मी.
सहा तारे, सहा रात्री,
कुणा कोस्किनेन आजोबांच्या दाढांशेजारी शिजवलेले.

आणि तिसरं बटण उघडं.
कप्तान थेर्नचं ते उघडंच असायचं,
वर डावा हात, पंजा पसरून,
स्फोट होवो, तह होवो,
अख्खा ग्रह विझून जावो.
किती डोकी घासली आम्ही त्यावर!
हिल्का म्हणायची, जुनी जखम आहे.
रोवानिएमीचा एक पोस्टमन शपथेवर सांगायचा,
आत बुडालेल्या यानाची किल्ली शिवलीय.
मी काहीच म्हटलं नाही.
मी नुसती तशी उभी राहायला शिकले,
चौदाव्या वर्षी, फळ्यासमोर.
पुढे घटस्फोटाच्या कागदांवर सही करताना.
बाबांचे एक्सरे उजेडात धरले गेले तेव्हा.
हात तिथे ठेवला की कणा आपोआप ताठ होतो.
करून बघा.

रांग सरकते तशी
आरशासमोर घोकलेली माझी इंग्रजी वाक्यं
एकेक करून सांडत जातात.
पडदा. टेबल.
मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन
विनिफ्रेड पास्को, वय बहात्तर,
मनातल्या उंचीपेक्षा वीतभर बुटकी,
बोटांना सह्यांची शाई.
शेजारी टक्कल पडू लागलेला एक माणूस
पत्र्याच्या डब्यात सुटे पैसे लावतोय.

ती माझ्याकडे बघते.
ताऱ्यांकडे नाही (सहा रात्री, बाई!),
बटणाकडे.
"अगं, हे तुला कुणी सांगितलं?"
कुणी म्हणजे? तुम्हीच.
दर शुक्रवारी, साडेसात वाजता.

ती हसते, खोकते, परत हसते.
"मला दिवस गेले होते तेव्हा.
पाचवा महिना. डगला लागेना.
कळलं असतं तर काम गेलं असतं.
कपडेपटातल्या आयरिसला तेवढं ठाऊक.
म्हणाली, हात ठेव वर, जरा कप्तान वाटशील.
मग बाळंत झाले, बटण लागायला लागलं,
तर दिग्दर्शक म्हणतो, राहू दे उघडं,
लोकांना आवडलंय!"
आणि पेनाच्या टोकाने बाजूला दाखवते,
"हा तो."

यानाची किल्ली वर बघते.
"पंचवीस युरो," म्हणते,
आणि कानापर्यंत लाल होते.

इतकी वर्षं कुणाला बोलला नाहीत?
"कुणी विचारलंच नाही गं.
सगळे मलाच समजावून सांगायचे."

फोटोवाला म्हणतो, पोज.
तिचा हात तिच्या लोकरी स्वेटरवर जातो,
माझा माझ्या डगल्यावर.
दोघींचेही, न ठरवता.

बाहेर उणे अकरा.
ट्राममध्ये दार उघडलं की वारा नेमका
त्याच फटीतून आत शिरतो.
म्हटलं, लावावं आता. गुपित तर संपलं.
पण त्या बटणाला काजच नाही.
चौतीस वर्षांत किती डगले शिवले,
एकातही कापलं नाही मी ते.

मग हात ठेवला.
थंडी वाजत होती म्हणून, दुसरं काही नाही.
बाहेर सरोवर पांढरं, गोठलेलं.
दिवस गेले, मी मनात म्हणून बघितलं,
फिनिशमध्ये त्याचा एकच अर्थ होतो.

समोरचा पोरगा, गालावर अजून हिरवा रंग,
कुठल्यातरी ग्रहावरून थेट घरी निघालेला,
माझ्या हाताकडे बघतो,
गडबडीने उठतो
आणि जागा देतो.

अठ्ठेचाळीस वर्षांची मी.
बसले.