इतर

फॉर्म विचारतो, बारावी : कला, वाणिज्य, विज्ञान?
सगळ्यात खाली, पुसट : इतर.
मी तिथे टिचकी मारते.

आडनाव पगार. खिडकीतले बाबू हसतात,
मग गुणपत्रिका उलटीपालटी करतात.
"किमान कौशल्य? टर्निंग?
आधी समकक्षता आणा, ताई.
वकिली म्हणजे काय लेथ आहे?"

लेथच आहे, साहेब.
सातपूरला चार वर्षं मी
दोन शतांश मिलिमीटरसाठी माल परत पाठवलाय.

निवृत्ती गांगुर्डेची बोटं प्रेसखाली गेली,
त्या कागदावर लिहिलं होतं :
'कामगाराच्या निष्काळजीपणामुळे किंवा'
आणि पान संपलं होतं.
दुसरं पान कुणी उलटलंच नाही.
मी उलटलं, जेवणाच्या सुट्टीत,
डब्याच्या झाकणावर ठेवून :
'गार्ड बसवलेले नसल्यामुळे.'
एवढंच.
निवृत्ती आता डाव्या हाताने चहा ढवळतो,
सांडतो, आणि माझ्याकडे बघत नाही.

तिसरी फेरी. सिटीलिंक त्र्यंबक नाक्यावर अडकलेली.
समकक्षतेचा शिक्का अजून ओला आहे
आणि अर्जाच्या कोपऱ्यात माझा अंगठा,
कूलंटचा, काळपट.

बाबू म्हणतात, डाग पडलाय, नवा घ्या.
नको.
हाच घ्या.